निवडीचा देखावा

२०२४ च्या जुलै महिन्यात, ३ आणि ४ या लागोपाठच्या दोन दिवसांत, देशातील तिन्ही खाजगी मोबाईल कंपन्यांनी आपले दर वाढविले. अठ्ठावीस दिवसांच्या किमान प्लॅनसाठी रिलायन्स जिओने १५५ रुपयांचे १८९ केले. भारती एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया या दोघींनीही १७९ चे १९९ केले. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तीन पाटीवाल्या शेजारी शेजारी बसून बांगड्यांच्या वाट्याला एकाच सुरात भाव चढवू लागल्या, तर गिऱ्हाईक कपाळाला आठी घालून पुढे जाते आणि चौथी पाटी शोधते. येथेही लोकांनी नेमके तेच केले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार त्या एका महिन्यात एअरटेलने सुमारे १७ लाख, व्होडाफोन आयडियाने सुमारे १४ लाख आणि जिओने साडेसात लाखांहून अधिक ग्राहक गमावले, आणि मरणपंथाला लागलेली म्हणून जिची हेटाळणी चालली होती त्या सरकारी भारत संचार निगमकडे सुमारे २९ लाख ग्राहकांची भर पडली.

हा लोकांचा कौल होता. कोणत्याही पक्षाने हाक न देता, मोर्चा न काढता, सामान्य माणसाने आपल्या खिशातून दिलेला कौल. पण तो टिकला मात्र नाही. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात निगमचे ग्राहक पुन्हा घटू लागले होते. आलेली माणसे का परतली, हे कळण्यासाठी चौकशी समिती नेमण्याची मुळीच गरज नाही. भाव परवडला, पण माल हाती येईना. फोन लागेना, इंटरनेट रखडू लागले, बँकेचा ओटीपी वेळेत येईना. ज्याचा गॅसपासून रेशनपर्यंतचा सारा व्यवहार त्या सहा आकड्यांवर अडतो, तो स्वाभिमानासाठी किती दिवस कळ सोसणार?

यातून जो प्रश्न उभा राहतो तो केवळ तीस-चाळीस रुपयांचा नाही. कोणती कंपनी घ्यावी, कोणता प्लॅन घ्यावा, कोणता फोन घ्यावा, ही निवड आपण करतो असे आपल्याला वाटते. वस्तुतः ती आपल्या वतीने आधीच कोणी तरी करून ठेवलेली असते. आपल्या हाती उरते ते केवळ पैसे भरणे.

स्थिती सदैव अशी नव्हती. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांच्याशी बोलून या देशातील मोबाईल सेवेचा आरंभ केला, तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती. आलेला फोन उचलण्याचेही पैसे पडत. २००३ साली येणारे फोन निःशुल्क झाले, आणि मग कंपन्यांची अशी काही जत्रा भरली की गल्लीगल्लीत छत्र्या लावून सिमकार्डे वाटली जाऊ लागली. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले आणि या जत्रेतील काही दुकाने उठली. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आली, तिने महिनोन् महिने सारे फुकट दिले, आणि उरलेलीही पालथी झाली. एअरसेल दिवाळखोरीत गेली. टेलिनॉर आणि टाटांची मोबाईल सेवा एअरटेलमध्ये विलीन झाली. ३१ ऑगस्ट २०१८ रोजी व्होडाफोन व आयडिया एक झाल्या. फुकटच्या जेवणावळीला आपण सारेच आनंदाने बसलो होतो. त्या पंक्तीचे देणे आज हप्त्याहप्त्याने वसूल होत आहे.

गोव्यापुरते बोलायचे तर आपली अडचण आणखी वेगळी आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाने गोव्याचे राजकीय भवितव्य ठरले. परंतु दूरसंचार खात्याच्या नकाशात गोवा आजही ‘महाराष्ट्र’ परिमंडळातच आहे. (या योगायोगावर हसावे की रडावे, हे ज्याने त्याने आपापल्या जुन्या मतानुसार ठरवावे.) परिणाम इतकाच की ग्राहकसंख्येचे जे आकडे दरमहा प्रसिद्ध होतात त्यांत गोव्याचे वेगळे दुःख दिसतच नाही. पुणे-नागपूरच्या बेरजेत सत्तरी आणि सांगे बुडून जातात. आणि दुःख तर आहे. २०२० साली टाळेबंदीत शाळा मोबाईलवर भरू लागल्या, तेव्हा या डोंगराळ तालुक्यांतील मुले रेंज मिळावी म्हणून टेकड्या चढत होती, पावसात छत्री धरून धडे गिरवत होती. त्यांच्यापुढे कोणत्या कंपनीची निवड होती? ज्या दगडावर बसून ज्या कंपनीची काडी दिसे, ती त्यांची कंपनी.

म्हणूनच आमचे पहिले सांगणे असे की, जाहिरातीतील नटाकडे पाहून कंपनी ठरवू नये. आपल्या घराच्या भिंतीकडे पाहून ठरवावी. आपली जुनी घरे जाड चिऱ्यांची. ७०० मेगाहर्ट्झची लहर दूर जाते, भिंतीतूनही बऱ्यापैकी आत शिरते. ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपासची ५जी लहर वेगवान खरी, पण तिचा पल्ला आखूड, आणि चिऱ्यापुढे ती हात टेकते. पडवीत धावणारा फोन माजघरात मुका होतो तो यामुळे. कोठे कोणती सेवा पोहोचते याचे नकाशे कंपन्यांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत आपापल्या संकेतस्थळांवर द्यावेत असा नियामकांचा आदेश होता. ते नकाशे जरूर पाहावेत; पण नकाशाला चिऱ्याची भिंत दिसत नाही आणि आषाढातील खंडित वीजही दिसत नाही. शेजाऱ्याचे सिम घटकाभर मागून आपल्या माजघरात, परसात आणि नेहमीच्या वाटेवर लावून पाहणे, ही जुन्या पद्धतीची परीक्षा सर्वांत खरी.

दुसरी गोष्ट हातातल्या फोनची, आणि येथेच पुष्कळ जण फसतात. सिम बदलले म्हणजे कंपनी बदलली असे नव्हे; फोनलाही नवी कंपनी मानवली पाहिजे. जिओकडे २जी सेवाच नाही. आजोबांच्या बटणांच्या जुन्या फोनमध्ये तिचे सिम घातले तर तो फोन निर्जीव राहणार. त्याला २जी सेवा देणारीच कंपनी लागेल. भारत संचारची ४जी सेवा ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर चालते. स्वस्त वा जुन्या ४जी फोनांपैकी अनेकांत ७०० चा बँडच नसतो, आणि मग लोक निगमच्या नावाने बोटे मोडतात. जिओचे ५जी स्वतंत्र जाळ्यावर उभे आहे, तर एअरटेलने आपले ५जी प्रामुख्याने ४जीच्या आधारावर उभारले; म्हणून खोक्यावर ‘५जी’ एवढी दोन अक्षरे पाहून संतुष्ट होऊ नये, आपल्या कंपनीचे बँड त्या फोनात आहेत काय हे दुकानदाराला स्पष्ट विचारावे. त्याने ‘सगळे चालते’ म्हटले, तर आपले सिम घालून तेथल्या तेथे एक फोन लावून दाखवायला सांगावे.

स्वस्त फोनांच्या बाबतीत तर गाठ आणखी घट्ट आहे. जुलै २०२३ मध्ये ९९९ रुपयांना आलेला ‘जिओ भारत’ हा फोन केवळ जिओच्या सिमवरच चालतो. गरिबाच्या हाती ४जी आले, हे पुण्य आम्ही नाकारीत नाही. परंतु दावणीला बांधलेल्या गाईला कुरण निवडण्याचे स्वातंत्र्य आहे असे म्हणण्यात जितका अर्थ, तितकाच या ग्राहकाच्या निवडीला. आणि दावण नेमकी कोणाच्या गळ्यात पडते? ज्याला दरवाढ सर्वांत अधिक झोंबते, त्याच्याच.

आखातातून आप्तेष्टांनी पाठविलेल्या महागड्या फोनांचीही एक तऱ्हा आहे. आयफोनची २०२५ ची सतरावी मालिका अमेरिकेत, तसेच संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत, ओमान, बहारीन आणि सौदी अरेबियात सिमची खाच नसलेलीच विकली जाते. तिला केवळ ई-सिम चालते. भेट स्वीकारण्यापूर्वी आपली कंपनी ई-सिम देते काय, याची चौकशी करावी. जुना फोन विकत घेणाऱ्याने *#०६# दाबून त्याचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक पाहावा आणि ‘केवायएम’ लिहून तो क्रमांक १४४२२ वर पाठवावा. चोरीचा माल असेल तर तेथे उघड होतो.

आता प्लॅन. येथे आकड्यांची अशी भूलभुलैया रचलेली आहे की गणिताच्या मास्तरानेही डोके धरावे. अठ्ठावीस दिवसांना ‘महिना’ म्हणण्याची युक्ती ज्याने शोधली त्याच्या बुद्धीला नमस्कार असो. वर्षाला बाराऐवजी तेरा वेळा पैसे मिळतात. नियामकांनी जानेवारी २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला तीस दिवसांचा निदान एक आणि दरमहा त्याच तारखेला येणारा निदान एक प्लॅन ठेवणे भाग पाडले. ते प्लॅन आहेत, पण फलकावर ते अंग चोरून बसलेले असतात. विचारल्याशिवाय दुकानदार सांगत नाही. तद्वतच ज्यांना इंटरनेट नको, केवळ बोलायचे आहे, त्यांच्यासाठी केवळ बोलण्याचा व संदेशांचा प्लॅन द्यावा, असा नियम २३ डिसेंबर २०२४ रोजी झाला. घरात एकटी राहणारी म्हातारी, मुंबईच्या वा मस्कतच्या मुलाचा फोन येण्याची वाट पाहणारी. तिला रोज दीड जीबी डेटा कशाला हवा? एका कंपनीने काय करावे? जुन्या ५०९ च्या प्लॅनमधील डेटा काढून घेतला आणि त्याच चौऱ्याऐंशी दिवसांसाठी ४९९ रुपये मागितले. दहा रुपयांची ही कृपा! ओरड झाल्यावर, नियामकांनी या दरांची तपासणी करू असे म्हटल्यावर, भाव आणखी उतरले. जानेवारी २०२५ च्या अखेरीस चौऱ्याऐंशी दिवसांसाठी जिओचा असा प्लॅन ४४८ रुपयांना व एअरटेलचा ४६९ रुपयांना मिळू लागला. आपल्या घरातील वृद्धांच्या फोनवर कोणता प्लॅन चालू आहे, हे एकदा तपासून पाहावे. बहुधा रिचार्ज करणारा मुलगा सवयीने मोठाच प्लॅन मारीत असतो.

क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याचा हक्क देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. ‘पोर्ट’ हा शब्द इंग्रजीत लिहून, जागा सोडून आपला क्रमांक टाकावा आणि १९०० वर संदेश पाठवावा. येणारा संकेतांक चार दिवस टिकतो. परिमंडळातल्या परिमंडळात तीन कामाच्या दिवसांत बदल व्हावयास हवा. पूर्वीच्या कंपनीत नव्वद दिवस झालेले असावे लागतात, बिलाची थकबाकी नसावी लागते, आणि सिम नुकतेच बदलून घेतले असेल तर १ जुलै २०२४ पासून सात दिवस थांबावे लागते. हक्क चांगला आहे. परंतु जाण्यासारखे ठिकाणच नसेल, तर दार उघडे असून काय उपयोग?

आमचा खरा रोख येथे आहे. चौथी पाटी सरकारची आहे. तिला उभी करण्यासाठी २०२२ साली १ लाख ६४ हजार कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर झाले आणि २०२३ साली आणखी ८९ हजार कोटींचे. तो पैसा तुमचा-आमचा. खाजगी कंपन्यांचे ४जी देशभर पसरून ५जी सुरू झाले, तरी निगमला ४जी मिळाले नव्हते. स्वदेशी तंत्रज्ञानावरील तिचे सुमारे ९७ हजार ५०० टॉवर राष्ट्राला अर्पण झाले ते २७ सप्टेंबर २०२५ रोजी. स्वदेशीचा आम्हांला अभिमान आहे. पण जुलै २०२४ मध्ये लोक दारात उभे असताना घरात चूल पेटलेली नव्हती, हेही आम्ही विसरू शकत नाही. दुसरीकडे व्होडाफोन आयडियाच्या थकबाकीचे भागांत रूपांतर होऊन २०२५ मध्ये तिच्यातही सरकारची भागीदारी ४९ टक्क्यांच्या घरात गेली. म्हणजे चारांपैकी दोन दुकानांच्या गल्ल्यामागे सरकार कमी-अधिक प्रमाणात बसलेले आहे. मग भावाला लगाम घालण्याचे सामर्थ्य सरकारपाशी नाही, हे कोणी मानावे?

आणि थोडे आपल्या स्वतःकडेही पाहू. टॉवर नको म्हणून ग्रामसभेत ठराव घ्यायचा आणि रेंज नाही म्हणून आमदाराच्या दारात जायचे, हे दोन्ही एकाच गावाला शोभत नाही. किरणोत्सर्गाची भीती अनाठायी म्हणून झिडकारू नये. लोकांना उत्तर मिळालेच पाहिजे. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या किरणोत्सर्गाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एकदशांशावर आणली. पंचायतीने तिच्या पालनाची मोजणी गावासमोर करवून घ्यावी आणि मगच हो वा नाही म्हणावे. न मोजता नाही म्हणणे सोपे आहे, त्याची किंमत टेकडीवर चढणारी मुले देतात.

राज्य सरकारने सत्तरी, सांगे, धारबांदोडा, केपे आणि काणकोण या तालुक्यांतील प्रत्येक वाड्यावर कोणत्या कंपनीची रेंज घराच्या आत मिळते याची पाहणी करून ती विधानसभेच्या येत्या अधिवेशनात पटलावर ठेवावी, आणि जेथे एकाच कंपनीची मिळते वा कोणाचीच मिळत नाही, तेथे भारत संचारचा टॉवर कधी उभा राहणार याची तारीख केंद्राकडून लेखी मागून घ्यावी. गोव्याचे खासदार दोन लोकसभेत आणि एक राज्यसभेत. या एका कामासाठी तिघांनी एकत्र बसावयास कोणत्याही पक्षाची आडकाठी नसावी.