बिल्ला खरा, माणूस कुठाय?

मागच्या महिन्यात आपल्याच एका पोरानं माझ्या टेबलावर एक बिल्ला आपटला. रुपयाच्या नाण्याएवढा. मधे पांढऱ्यावर काळं वाकडं स्वस्तिक, भोवती तांबडं कडं, कड्यात जर्मन अक्षरं. चोरबाजारात मिळाला म्हणाला. विकणाऱ्यानं आईची शपथ घेतलेली, हिटलरच्या पार्टीचा ओरिजनल माल आहे. पोरगा खुशीत होता. जॅकेटला लावणार होता. फक्त एवढंच विचारायला आला होता, "दादा, खरा असंल का हा?"

शिवी तोंडाशी आली होती. गिळली. म्हटलं, ठीकाय, तुझाच प्रश्न घेऊ. खरा की खोटा ते बघू. तीन आठवडे मी या बिल्ल्यांच्या मागं लागलो, वाचलं, जाणकारांना विचारलं. जे हाती लागलं ते सांगतो.

आधी धंद्यातली अक्कल. खरा बिल्ला साच्यावर ठोकलेला असतो. त्याच्या कडा धारदार, अक्षरं टोकदार. नकली माल बहुतेक ओतीव असतो. भिंगातून बघितलं की बारीक बुडबुडे दिसतात, कडेला शिवण दिसते. खऱ्यावरून साचा घेऊन ओतलेला नकली मूळ बिल्ल्यापेक्षा किंचित लहान भरतो, कारण धातू थंड होताना आकसतो. खरा मीना म्हणजे धातूवर वितळवलेली काच. त्यावर सुई फिरवली तर ओरखडा उठत नाही. आजचा रंग लगेच खरवडतो. मग पाठ बघायची. पाठीवर वर्तुळात आर.झेड.एम. ही अक्षरं. हे पक्षाचं म्युनिकमधलं खातं, कुठल्या कारखान्यानं बिल्ले काढायचे याचा परवाना देणारं. खाली 'एम १' आणि तिरप्या रेघेपुढं कारखान्याचा नंबर. सुरुवातीचे बिल्ले तांब्या-पितळेच्या जातीचे. पुढं युद्धानं तांबं खाल्लं आणि जस्त आलं. म्हणजे सांगितलेलं साल आणि हातातला धातू यांचा मेळ बसला पाहिजे.

तरी फसगत होतेच. युद्ध संपल्यावर व्हिएन्नातल्या एका जुन्या कारखान्यानं तसलाच माल पुन्हा काढला, गिऱ्हाईक होतं म्हणून. पश्चिम जर्मनीनं तर १९५७ साली कायदाच केला की युद्धातली पदकं छातीवर लावा, फक्त त्यातलं स्वस्तिक काढून टाका. चिन्ह गेलं, छाती तीच राहिली.

इथपर्यंत वाचताना मला त्या लोकांचं कौतुकच वाटलं. एका टाचणीसाठी एवढी चिकाटी! भिंग काय, वजनकाटा काय, अर्ध्या मिलिमीटरवरून हाणामाऱ्या काय! पण साल्यांची चौकशी बरोब्बर धातूपाशी थांबते. पुढं एक पाऊल नाही.

आता सोन्याचा बिल्ला घ्या. १९३३ च्या ऑक्टोबरात हिटलरनं तो जुन्या निष्ठावंतांसाठी काढला. ज्यांचा सभासद नंबर एक लाखाच्या आत आणि १९२५ पासून ज्यांनी एकदाही पक्ष सोडला नाही, त्यांच्यासाठी. पाठीवर त्या माणसाचा नंबर कोरलेला. संग्राहक काय बघतो? आकड्याचं वळण बरोबर आहे का. अरे बाबा, तो आकडा म्हणजे एक माणूस आहे! आणि तो शोधता येतो. १९४५ मध्ये पक्षाची सगळी सभासद-कार्डं लगदा करायला म्युनिकजवळच्या एका कागदगिरणीत पाठवली होती. गिरणी चालवणाऱ्या हान्स हूबरनं लगदा केलाच नाही. कार्डं अमेरिकनांच्या हाती पडली, बर्लिनला गेली, १९९४ साली जर्मनीच्या सरकारी अभिलेखागारात आली. नाव, जन्मतारीख, पक्षात शिरल्याची तारीख, सगळं त्यात आहे. दुकानदाराच्या लेखी तो नंबर म्हणजे किंमत वाढवायची सोय. माझ्या लेखी तो आरोपीचा नंबर आहे.

साध्या बिल्ल्यावर माणसाचा नंबर नव्हता. शेवटीशेवटी पक्षाचे सभासद ऐंशी लाखांच्या वर गेले होते. १९४५ च्या वसंतात हे लाखो बिल्ले कोटावरून उतरले. तळ्यात गेले, परसात पुरले गेले. दुसऱ्या दिवशी गावात एकही नाझी नव्हता. आज लोक यंत्रं घेऊन तीच जमीन उकरतात, आणि धातू सापडला की उड्या मारतात.

आणखी एक माल बाजारात स्वस्तात मिळतो. हिवाळी मदतनिधीच्या टाचण्या. लाकडाच्या, काचेच्या, चिनी मातीच्या, फुलं, पक्षी, बाहुल्या. १९३३ पासून दर हिवाळ्यात डबे घेऊन माणसं रस्त्यावर उभी राहायची. २० फेनिंग टाका, टाचणी घ्या. टाचणी कोटावर असली की डबेवाला पुढं जायचा. नसली की तोंडासमोर डबा खुळखुळायचा आणि शेजारी बघायचे. या निधीतून ज्यूंना १९३५ पासून बाहेर काढलं. संग्राहक म्हणतात, या टाचण्या निरुपद्रवी, यावर स्वस्तिकसुद्धा नाही. मला याच जास्त भयंकर वाटतात. सोन्याचा बिल्ला काही हजारांचा होता. ही टाचणी साऱ्या देशाची होती. २० फेनिंगमध्ये गप्प बसायची पावती.

आणि १० फेनिंगला काय मिळायचं, ठाऊकाय? पिवळा तारा. १ सप्टेंबर १९४१ चा हुकूम, १९ तारखेपासून लागू. सहा वर्षांच्या वरच्या प्रत्येक ज्यू माणसानं, पोरासोरांनीसुद्धा, डाव्या छातीवर तळहाताएवढा तारा शिवायचा. टाचायचा नाही, शिवायचा. ते कापड बर्लिनच्या झेंडे बनवणाऱ्या कारखान्यात छापलं, आणि पैसे ज्यूंकडूनच घेतले. छळछावणीत त्रिकोण. राजकीय कैद्याला तांबडा, समलिंगी माणसाला गुलाबी, 'समाजविघातक' म्हणून धरलेल्याला काळा. आउशवित्झमध्ये हा काळा त्रिकोण रोमा लोकांनाही दिला. त्यांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी आपल्याकडून गेलेले. पाण्याला ते अजून पाणीच म्हणतात.

म्हणजे एकच सरकार दोन तऱ्हेच्या खुणा काढत होतं. एक मिरवायची, दुसरी भोगायची. दुसरीबद्दल आपल्याला जर्मनीनं शिकवायची गरज नाही. पेशवाईत अस्पृश्यानं मनगटाला नाहीतर गळ्यात काळा दोरा बांधायचा, म्हणजे चुकून विटाळ व्हायला नको. बाबासाहेबांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये १९३६ सालीच हे लिहून ठेवलंय.

ते तारे आज बाजारात विकायला येतात. त्यांचेही नकली निघतात. मग तपासनीस त्या कापडावर जांभळा दिवा धरतात, नव्या काळाचा धागा असेल तर तो चमकतो. २०२५ च्या नोव्हेंबरात जर्मनीतल्या नॉइस शहरात छळछावणीतली पत्रं आणि असला तारा लिलावाला काढला होता. वाचलेल्यांच्या संघटनेनं बोंब मारली तेव्हा लिलाव मागं घेतला.

दोस्तांनो, खरेपणा तपासायचं हे वेड नाझींनाही होतं. फक्त ते माणसांवर भिंग धरायचे. एस.एस.मध्ये शिरायचं तर १८०० सालापासूनची वंशावळ दाखवा, अधिकारी व्हायचं तर १७५० पासूनची. आजीची आई कोण, पणजोबाचा बाप्तिस्मा कुठल्या चर्चमध्ये झाला. खरा माल, खोटा माल. खोटा ठरलेला माल गाडीत भरून पाठवला.

आता आपल्या पोराचं. बिल्ला नकली निघाला. ओतीव. कडेला शिवण, पाठीवर बुडबुडे, तांबडा रंग टाचणीनं निघाला. मी सांगितलं तेव्हा त्याचं तोंड उतरलं. त्या उतरलेल्या तोंडाची मला धास्ती वाटली. खरा असता तर तो खूश होणार होता.

तो एकटा नाही. हिटलरचं आत्मचरित्र आपल्या फुटपाथवर आपलीच पोरं विकत घेतात. २००६ साली नवी मुंबईत हिटलरच्या नावानं हॉटेल निघालं होतं, ओरड झाली तेव्हा नाव बदललं. विचारलं की म्हणतात, शिस्त होती राव, दरारा होता. मी त्याला विचारलं, "तू तिथं असतास तर तुझ्या अंगावर काय असतं? वंशावळ काढली असती तुझी. बिल्ला मिळाला असता तुला, का कापड?" तो काही बोलला नाही. बिल्ला टेबलावरच ठेवून गेला.

परवा परत आला. म्हणाला, "दादा, फेकून देऊ?" म्हटलं, नको. फेकून तर त्यांनीही दिले होते, तळ्यात. बिल्ला माझ्या खणात आहे. सोबत चिठ्ठी बांधलीय, कुठं घेतला, कितीला घेतला, नकली कसा ओळखला, आणि याच्या अस्सलचे मालक काय करत होते. कुणालाही येऊन बघता येईल.

उद्या तुमच्यापैकी कुणापुढं असला माल आला तर धातू जरूर तपासा. पण तिथं थांबू नका. विचारा, हा कुणाच्या छातीवर होता? आणि तो लावून उभा होता तेव्हा त्याच्यासमोर कोण उभं होतं?