भोक कातल्यावर दिसतं

परवा एका समारंभात एका व्याख्यात्यांनी आम्हा व्हिडिओ करणाऱ्या पोरांचा समाचार घेतला. (पोरांत चाळिशीला टेकलेला मीही आलो.) मुद्दे तीन. गेमचं परीक्षण हे परीक्षणच नव्हे. करायचंच तर इंग्रजीत ढीगभर पडलंय, मराठीत कशाला? आणि केलंच मराठीत, तर खालच्या कमेंट वाचू नयेत, जमल्यास बंद ठेवाव्यात. प्रेक्षकाच्या नादी लागला की समीक्षक संपला. टाळ्या पडल्या. जेवण बरं होतं.

पहिल्या मुद्द्याबद्दल एवढंच, की कोल्हापूरसारख्या सिनेमाच्या गावात येऊन असं बोलायला छाती लागते. एके काळी सिनेमालाही हेच ऐकवलं जायचं. दुसऱ्याबद्दल त्याहून कमी: 'राजी: अॅन एन्शंट एपिक' हा गेम पुण्यात बनला, २०२० साली जगभर गेला. तो कसा आहे हे पुण्याहून कोल्हापूरला सांगायला इंग्रजीतून वळसा कशाला?

तिसऱ्या मुद्द्यावर मात्र मी जेवता जेवता थांबलो.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत तपासणीला आहे. वाळूच्या साच्यातून निघालेला नग फेटलिंग, शॉट ब्लास्टिंग होऊन टेबलावर येतो तेव्हा नवरदेवासारखा दिसतो. हातोडीनं ठोकला तर आवाजही खणखणीत. आत वायू अडकून राहिलेलं भोक असेल, आमच्या भाषेत ब्लो होल, तर ते बाहेरून कळत नाही. ते कळतं गिऱ्हाइकाच्या मशीन शॉपमध्ये, दोन मिलिमीटर कातल्यावर. मग तिथला ऑपरेटर फोन करतो. त्याची भाषा इथं छापता येणार नाही. पण त्या शिव्यांच्या मधोमध नग कुठल्या हीटचा, म्हणजे भट्टीच्या कुठल्या ओतीचा, आणि भोक कुठल्या अंगाला, हे बिनचूक असतं. भाषा आवडली नाही म्हणून मी फोन ठेवला, तर पुढचा सगळा लॉट तसाच जाईल. व्याख्यातेसाहेबांचा सल्ला म्हणजे फोन ठेवा, नग चकचकीत आहे.

माझंच बघा. 'राजी'वर बोलताना मी ठणकावून सांगितलं, कॅमेरा फिरत नाही, म्हणजे हा बग आहे. दुसऱ्या दिवशी पहिलीच कमेंट: "भावा, कॅमेरा मुद्दाम बांधलाय. आधी गेम नीट खेळ, मग बोल." खाली चौघांनी त्याला अंगठे दिलेले. रात्रभर मला झोप नाही. कुणी तरी सूड उगवतंय असंच वाटत होतं. सकाळी पुन्हा खेळून पाहिलं. कॅमेरा बांधलेलाच होता. मागचे महाल, भिंतीवरची चित्रं त्याच कोनातून दिसावीत म्हणून. मला तो जाच वाटला हे माझं मत, पण बग म्हणणं चूक होतं. त्याच व्हिडिओखाली दुसरा एक: "मागं भट्टी पेटलीय का? काय ऐकू येईना." भट्टी नव्हती, टेबलफॅन होता. तेव्हापासून रेकॉर्डिंगला फॅन बंद, घामाघूम.

हे मला आकड्यांनी कधी सांगितलं नसतं. यूट्यूबचा आलेख दाखवतो की चौथ्या मिनिटाला लोक उठून गेले. का गेले ते दाखवत नाही. नोव्हेंबर २०२१ पासून नापसंतीचा आकडा लोकांना दिसेनासा झाला, तो फक्त आम्हाला दिसतो. पण तोही मुका. बोलते ती कमेंटच.

आणि 'जाणकारांवर सोडा' म्हणणाऱ्यांनी 'सायबरपंक २०७७' आठवावा. बाजारात येण्याआधी परीक्षकांना तो फक्त पीसीवर दिला गेला, गुणही भरघोस मिळाले. १० डिसेंबर २०२० ला तो लोकांच्या हातात पडला. जुन्या प्लेस्टेशनवर तो धड चालेना, हे पैसे मोजलेल्या प्रेक्षकांनी बोंबलून सांगितलं. सोनीनं आठवड्याभरात तो आपल्या दुकानातून काढला, पैसे परत द्यायची तयारी दाखवली. भोक कातल्यावरच दिसलं.

जाणकार विरुद्ध पिटातला प्रेक्षक हा वाद तसा जुना. कॉलेजात असताना एका एकांकिका स्पर्धेत मी याच विषयावर एका परीक्षकांशी भांडलो होतो. लोक हसले म्हणजे प्रयोग चांगला नव्हे, असं ते म्हणाले. लोक का हसले हे तरी विचारा, असं मी म्हणालो. आम्हाला उत्तेजनार्थ मिळालं. तेव्हापासूनची खुन्नस आहे म्हणा हवं तर.

एक मान्य. आईबहिणीवरून येणारे असतात, आणि त्यांच्या शिव्यांत हीट नंबर नसतो. त्या काढून टाकायच्या, उत्तर द्यायचं नाही. व्याख्यात्यांना त्या सोसाव्या लागत नाहीत. सभेत माईक एकच असतो आणि तो त्यांच्याकडे असतो.

मग करावं काय? माझ्याकडे मोठं शास्त्र नाही. शिफ्ट सुटून आल्या आल्या वाचत नाही, डोकं तापलेलं असतं. जेवून वाचतो. चूक निघाली तर दुरुस्ती सगळ्यात वर लावतो, माझ्या नावानं. नुसतं न पटलेलं असेल तर राहू देतो. त्यानं माझं मत बदलत नाही आणि बदलूही नये. बस्स. यानं समीक्षक संपत असेल तर मी संपलो.

सध्या एक प्रश्न अडकलाय. कुणी तरी विचारलंय, "दादा, २ जीबी रॅमवर बीजीएमआय चालंल का?" व्याख्यात्यांनी नेमकी असल्याच प्रश्नांची टिंगल केली होती. जुलै २०२१ मध्ये हा मोबाईलवरचा गेम आला तेव्हा २ जीबी पुरते असं कंपनी सांगत होती. पण सुरू होणं वेगळं, आणि समोरून गोळ्या सुटल्यावर हातातला मोबाईल न अडकणं वेगळं. कोअर शॉपमधल्या एकाचा जुना मोबाईल मागून आणलाय. काचेला तडा आहे, चार्जर ढिला बसतो म्हणून खाली काडेपेटी लावलीय. आत्ता चौदा टक्के झालंय.