समुद्राशी कुस्ती की दोस्ती?

मुलांनो, चौपाटीवर वाळूचा किल्ला केलाय ना? भरती आली की आपण घाईघाईनं त्याभोवती तट घालतो. एक लाट येते, दुसरी येते आणि तिसरीला तट ढासळतो! आता विचार करा, अख्ख्या देशालाच असं तट घालून राहावं लागलं तर?

असा देश आहे, बरं का! नेदरलँड्स. त्याची सुमारे पाव जमीन समुद्रसपाटीच्याही खाली आहे. ३१ जानेवारी १९५३च्या रात्री तिथे वादळ आणि उधाणाची भरती एकदमच आली. बांध फुटले. १,८३६ माणसं प्राणाला मुकली.

मग डच लोकांनी खाड्यांच्या तोंडाशी प्रचंड बांध घालायला घेतले. ऑस्टरस्केल्डे नावाची खाडी तर कायमची बंद करायची होती. पण कोळी आणि निसर्गप्रेमी विरोधात उभे राहिले. भरती-ओहोटीच थांबली तर कालवं, शिंपले, मासे जगणार कसे? सरकारला बेत बदलावा लागला. १९८६मध्ये तिथे ६२ पोलादी दरवाजांचा बांध पुरा झाला. दरवाजे एरवी उघडे, वादळ आलं की बंद!

बांधाला दार हवं, ही अक्कल आपल्याकडेही जुनीच आहे. कोकणातल्या खारभूमीच्या बांधांना 'उघाडी' असते. ओहोटीला ती शेतातलं पाणी बाहेर सोडते, पण भरतीचं खारं पाणी आत येऊ देत नाही.

आता मात्र काम अवघड होत चाललंय. पृथ्वी तापतेय. तापलेलं पाणी प्रसरण पावतं आणि जमिनीवरचा बर्फ वितळून समुद्रात येतो. १९००पासून समुद्राची पातळी सरासरी सुमारे २० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर वाढलीय. 'वीतच ना?' असं म्हणू नका! वादळाची लाटही मग वीतभर उंचावरूनच निघते. शिवाय वाढीचा वेगही वाढतोय.

दर वेळी बांध उंच करत किती दिवस पुरणार? म्हणून डच लोकांनी २०११मध्ये एक गंमत केली. हेग शहराजवळ किनाऱ्याला सुमारे २ कोटी १५ लाख घनमीटर वाळूचा ढीग घातला आणि पसरायचं काम सोपवलं लाटांवर नि वाऱ्यावर! समुद्रच आपला किनारा भरू लागला. आपल्याकडे लाटांचा जोर कमी करायचं असंच काम खाडीतली तिवरं करतात, तेही फुकट. ती तोडून भराव घालणं म्हणजे घरचा पहारेकरीच हाकलून देणं, नाही का?

आता एक प्रयोग. दोन पेल्यांत पाणी घ्या. एकात बर्फ तरंगत ठेवा. दुसऱ्यावर गाळणी ठेवून तिच्यात बर्फ घाला. दोन्ही पेल्यांवर पाण्याच्या पातळीची खूण करा. बर्फ वितळल्यावर कुठल्या पेल्यातलं पाणी चढलं? का? उत्तर आईबाबांना विचारू नका हं, त्यांना समजावून सांगा!