दप्तरी पडलेले मृत्यू

उन्हाळ्यात दगावलेल्या माणसांचा आकडा मागितला की सरकारी खाती उष्माघाताच्या म्हणून नोंदल्या गेलेल्या मृत्यूंची बेरीज पुढे करतात, आणि ती बेरीज बहुधा इतकी लहान असते की ऊन हे आपत्तींत गणण्याजोगे संकटच नव्हे, असा भोळ्या वाचकाचा ग्रह व्हावा. वास्तविक ऊन ज्यांचा बळी घेते त्यांतील फारच थोडे भररस्त्यात कोसळतात. हृदयविकाराने, मूत्रपिंडाच्या दुखण्याने किंवा नुसत्या वार्धक्याने जर्जर झालेला जीव पत्र्याच्या छपराखाली तिसऱ्या-चौथ्या तापलेल्या रात्री मान टाकतो, आणि दाखल्यावर कारण लिहिले जाते ते हृदयक्रिया बंद पडल्याचे. दाखला खोटा नसतो. परंतु अशा हजार खऱ्या दाखल्यांतूनही उन्हाचे नाव कोठे उमटत नाही.

यावर उपाय आहे, आणि तो विलक्षण साधा आहे. 2010 च्या मे महिन्यात अहमदाबादेत पारा 46.8 अंशांवर चढला, तेव्हाच्या मृत्यूंचा अभ्यास करणाऱ्यांनी कारणांचा घोळ बाजूस सारून केवळ एकूण मृत्यू मोजले व ते मागच्या-पुढच्या वर्षांच्या त्याच महिन्याशी ताडून पाहिले. 1,344 मृत्यू अधिक निघाले, म्हणजे शेकडा 43 ची वाढ. त्या शहराने 2013 साली जो उष्णता-कृती आराखडा अमलात आणला, त्याच्या मुळाशी हे अनुभव व ही मोजदाद होती. लंडनच्या 1952 च्या विषारी धुक्याची कथाही याच जातीची. 13 डिसेंबरला संपलेल्या आठवड्यात त्या महानगरात 4,703 मृत्यू नोंदले गेले. आदल्या वर्षीच्या त्याच आठवड्यात ते 1,852 होते. तेथील मंत्रालयाने पुढे बराचसा दोष इन्फ्लुएंझाच्या माथी मारून पाहिला, पण नोंदणी खात्याचे साप्ताहिक तक्ते लोकांपुढे असल्यामुळे ती सारवासारव फार काळ टिकली नाही, आणि 1956 साली शुद्ध हवेचा कायदा करणे भाग पडले.

आपल्याकडे उणीव आहे ती नेमकी या तत्परतेची. देशात 2021 साली नोंदल्या गेलेल्या मृत्यूंचा अहवाल 2025 च्या मे महिन्यात प्रसिद्ध झाला. मधल्या काळात जागतिक आरोग्य संघटनेने महासाथीच्या दोन वर्षांत भारतात सुमारे 47 लाख अधिक मृत्यू झाल्याचे अनुमान केले, तेव्हा आमच्या सरकारने त्या गणितपद्धतीवर जोरदार हरकत घेतली. हरकत घेण्याचा अधिकार कोणी नाकारत नाही. परंतु परक्याचे अनुमान चूक ठरवू पाहणाऱ्याने आपली वही तत्काळ उघडून दाखवावयास नको काय? ती उघडली तेव्हा 2020 मधील 81 लाखांचा आकडा 2021 मध्ये 1 कोटी 2 लाखांवर गेलेला दिसला. ही सारीच वाढ साथीची मानता येणार नाही, कारण नोंदणीही सुधारत आहे. पण हा विवेक करावयासही आकडे वेळेवर हाती यावे लागतात. मृत्यूच्या कारणांची तर गोष्टच नको: 2020 साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय दाखल्याने कारण प्रमाणित झालेले शेकडा 22.5 होते. हवेच्या प्रदूषणाने भारतात किती माणसे मरतात याचे जे आकडे जगभर छापले जातात, ते अपरिहार्यपणे अशा विरळ सामग्रीवर रचलेले असतात.

कारणांचे प्रमाणीकरण सुधारावयास डॉक्टर हवेत, आणि त्यास वर्षे लागतील. एकूण मृत्यूंची गोष्ट वेगळी आहे. मृत्यूची वर्दी 21 दिवसांत देण्याचे बंधन आहे. 2023 च्या दुरुस्तीनंतर नोंदणीचा सारा व्यवहार संगणकावर आणण्याची तरतूदही झाली आहे. ग्रामसेवकाने नोंदविलेला मृत्यू मुंबईस वा दिल्लीस त्याच महिन्यात दिसू शकत असेल, तर तो जनतेस चार वर्षांनी का दिसावा, याचे समर्पक कारण आम्हांस सापडत नाही. राज्य सरकारने जिल्हावार, वयोगटवार साप्ताहिक मृत्युसंख्या महिन्याभराच्या आत प्रसिद्ध करण्याचा हुकूम काढावा, आणि आरंभ चंद्रपूर, नागपूर, अकोला या तापणाऱ्या जिल्ह्यांपासून, येत्या मार्चपूर्वी करावा. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.