टी-पेशी थकण्याआधी मुंबई गाठू द्या

सुरतच्या उधन्यातल्या लॅबमध्ये मी रक्ताच्या स्लाइड बघते. लिंबायत-डिंडोलीहून येणारे पुष्कळ पेशंट आपले खानदेशी, लूमवर राबणारे. लिशमनचा रंग चढवून काच मायक्रोस्कोपखाली धरली की ब्लड कॅन्सरच्या ब्लास्ट पेशी ओळखू येतात: जवळजवळ सगळी जागा व्यापणारं जांभळं केंद्रक, भोवती निळसर काठ जेमतेम. किमो पुरी करून बरा झालेला विशीतला पोरगा पुन्हा येतो आणि काचेवर त्याच पेशी दिसतात, तेव्हा ती स्लाइड डॉक्टरांपुढे ठेवणं जिवावर येतं.

अशांपैकी काहींसाठी आता कार-टी हा उपचार आहे. पेशंटच्याच टी-पेशी काढायच्या, कर्करोगी पेशीवरची सीडी19 ही खूण ओळखणारा ग्राही बनवणारं जनुक त्यांत घालायचं, त्या वाढवायच्या आणि पुन्हा त्याच्याच शिरेतून सोडायच्या. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने हे भारतात करून दाखवलं. जून 2021मध्ये नवी मुंबईत, खारघरच्या टाटाच्याच अ‍ॅक्ट्रेक केंद्रात पहिल्या रुग्णाला या पेशी दिल्या गेल्या. ऑक्टोबर 2023मध्ये नेक्सकार19 या नावाने या उपचाराला मंजुरी मिळाली. चाचण्यांत 64 रुग्ण होते. परिणाम मोजता आलेल्या 51पैकी 37 जणांचा आजार पूर्ण किंवा काही प्रमाणात हटला. उपचारामुळे दोघे दगावलेही. जोखीम आहेच, पण बाकीचे उपाय हरल्यावर आलेल्यांत हे यश फार मोठं आहे.

परदेशात तीन-चार कोटींचा हा उपचार इथे तीस-चाळीस लाखांत होतो. तरी गुजरातचं आयुष्मान कार्ड दहा लाखांवर थांबतं. उरलेले पैसे जमवता जमवता किमोच्या आणखी फेऱ्या होतात आणि त्यांत टी-पेशीही खंगतात. सूतच विरलं तर कापड कशाचं विणणार?

म्हणून माझं मागणं स्पष्ट आहे. आजार उलटल्याचं कळताच सुरतच्या सिव्हिल आणि स्मीमेर रुग्णालयांनी पेशंटचे कागद खारघरला पाठवावेत. सगळे उपाय थकल्यावर नव्हे. कार-टी योग्य ठरली तर कार्डाची मर्यादा ओलांडून सरकारने खर्च थेट भरावा. मुंबईतला मुक्काम आणि सोबतच्या माणसाची बुडणारी मजुरीही त्यात धरावी.

कार-टीच्या या चाचण्यांना केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने पैसा दिला. तो जनतेचा पैसा आहे, त्यात लूमवाल्याचाही वाटा आहे. मग उपचारावरही त्याचा हक्क आहे, आणि तो वेळेत मिळाला तरच हक्क म्हणायचा.