नाटक खरे की सिनेमा?



गेल्या महिन्यात पालकांच्या बैठकीत स्नेहसंमेलनाचा विषय निघाला. मोठ्या मुलांनी 'कट्यार काळजात घुसली'मधले एखादे गाणे बसवावे, इथपर्यंत सर्वांचे एकमत होते. पण नाटकातले की सिनेमातले, यावर दोन तट पडले. हॉलची चावी परत द्यायची वेळ झाली तरी वाद मिटेना. मी नाटकवाल्यांच्या बाजूने होतो आणि जरा जास्तच मोठ्याने बोललो. त्यानंतर घरी जे घडले त्यामुळे आज हे चार शब्द लिहीत आहे.

मुलांनो, आधी तुमच्यासाठी थोडी माहिती. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे संगीत नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. विश्रामपूर नावाच्या संस्थानात पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब आफताब हुसेन या दोन गवयांची स्पर्धा असते. जिंकणाऱ्याला राजगायकाचा मान, हवेली आणि एक कट्यार मिळते. संगीत होते पंडित जितेंद्र अभिषेकींचे आणि खाँसाहेबांची भूमिका करत पंडित वसंतराव देशपांडे. २०१५ साली सुबोध भावे यांनी त्यावर सिनेमा काढला. त्यात सचिन पिळगांवकर खाँसाहेब झाले, शंकर महादेवन पंडितजी झाले आणि शंकर-एहसान-लॉय यांनी नवी गाणी दिली.

नाटकवाल्यांचे म्हणणे असे, की रंगमंचावर वसंतराव स्वतः गात. समोरच्या माणसांची दाद आली की तान आणखी फुलत असे. पडद्यावर ओठ एकाचे आणि गळा दुसऱ्याचा. शिवाय सिनेमात खाँसाहेबांना फारच काळे रंगवले आहे. सिनेमावाले म्हणतात, एरवी शास्त्रीय संगीत लावले की पळून जाणारी आमची मुले या सिनेमापुढे खिळून बसली. आणि गळा दुसऱ्याचा असला तरी परका नाही. खाँसाहेबांसाठी गायले ते राहुल देशपांडे वसंतरावांचे नातू, तर सदाशिवसाठी गायलेले महेश काळे अभिषेकीबुवांचे शिष्य. ते अमेरिकेत राहतात, म्हणजे तुमच्यासारखेच परदेशवासी!

बैठकीनंतरच्या शनिवारी आम्ही घरी हा सिनेमा लावला. रिमोट माझ्या हातात होता. दर दहा मिनिटांनी मी चित्र थांबवत होतो आणि 'नाटकात हे असे नव्हते' असे सांगत होतो. चौथ्या वेळी माझी बारा वर्षांची मुलगी म्हणाली, "बाबा, तू बघितलंयस का ते नाटक?"

मी गप्प झालो. वसंतराव १९८३ साली गेले तेव्हा मी पाळण्यात होतो. मी ऐकली ती वडिलांची कॅसेट. त्यात निवडक पदे होती, पण ना हवेली, ना दरबार, ना खाँसाहेबांचा राग. म्हणजे 'अस्सल' म्हणून ज्याच्यासाठी मी भांडत होतो, त्याची मलाही नक्कलच मिळाली होती. तीच नक्कल ऐकून मी नाट्यसंगीताच्या प्रेमात पडलो, आणि मुलीला मात्र तिच्या वाटेने जाऊ देत नव्हतो. ती उठून आपल्या खोलीत गेली. सिनेमा अर्धाच राहिला.

हा वाद काही आपलाच नाही. 'ले मिझराब्ल' १९८५ पासून लंडनमध्ये रंगमंचावर आहे. २०१२ साली त्याचा सिनेमा झाला तेव्हा नटांनी कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गायले. काहींना त्यात खरेपणा दिसला, तर काहींना रसेल क्रोचे गाणे सहन होईना. आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत यावरून भांडणे झालेली मला आठवतात. 'कॅट्स'चा २०१९ चा सिनेमा तर फारच थोड्यांना आवडला. तेव्हा सिनेमा केला म्हणजे साधलाच, असेही नाही.

मग पारखायचे कसे? माझ्या धंद्यातले सांगतो. जुन्या संगणकावरचा प्रोग्रॅम नव्यावर न्यायचा असेल तर ओळ न् ओळ उतरवून चालत नाही. त्याचे मुख्य काम काय, हे आधी कागदावर लिहावे लागते. 'कट्यार'चे मुख्य काम माझ्या मते एकच, दोन गायकींतला फरक ऐकणाऱ्याच्या कानाला कळला पाहिजे. नाटकात 'घेई छंद' हे एकच पद दोन ढंगांनी येते, एकदा पंडितजींच्या आणि एकदा खाँसाहेबांच्या. सिनेमाने हे दोन्ही ढंग राखले, म्हणून तो माझ्या परीक्षेत पास. गुण मात्र कापीन. चित्रे इतकी भराभर बदलतात की कानाला स्थिर बसायला वेळ मिळत नाही. तिथे नाटकच सरस.

आणि गंमत पाहा, पालकहो. घराण्याचा अभिमान आंधळा झाला की गाणे बाजूला राहते आणि माणसे दुरावतात, हीच तर या नाटकाची गोष्ट. तीच आपण बैठकीत करून दाखवली!

माझी सूचना अशी. स्नेहसंमेलनात हेच पद मुलांनी दोन्ही ढंगांनी म्हणावे. त्याआधी प्रत्येकाने नाटकाचे ध्वनिमुद्रण आणि सिनेमातले गाणे दोन्ही ऐकून, कोणते आवडले आणि का, ते पाच ओळी मराठीत लिहून आणावे. पालकांनी उत्तर सांगू नये.

आमचा राहिलेला अर्धा सिनेमा येत्या शनिवारी लावणार आहोत. रिमोट मुलीकडे राहील. मी स्वयंपाकघरातून ऐकेन.

– एक पालक