पांढऱ्या डागाचे निदान

पोवळे आमच्या वाचकांस परिचित आहे. जुन्या घरांतून आजीबाईंची पोवळ्यांची रोजरी जपून ठेवलेली कधीकधी दृष्टीस पडते. ते तांबडे पोवळे भूमध्य समुद्राच्या पोटातले. ज्या प्रवाळांविषयी आज आम्ही लिहीत आहोत ती त्याची दूरची भावंडे होत. उष्ण प्रदेशांच्या उथळ समुद्रात ती चुन्याचे तट उभारितात, आणि त्या तटांच्या आश्रयाने असंख्य मासे जगतात. प्रवाळ हा दगड नव्हे व झाडही नव्हे. चुन्याच्या सांगाड्यावर बसलेले हजारो इवले जीव, पातळ कातडीने एकमेकांस जोडलेले, असा तो प्राणी आहे. प्राणी म्हटला की रोग आला, आणि रोग आला की निदान आले.

परंतु येथे वैद्याची मोठी पंचाईत होते. मनुष्य कोठे दुखते ते सांगतो. गाय निदान वैरण तरी सोडते. प्रवाळ बहुधा एवढेच करितो की, तो पांढरा पडतो. आता पांढरे पडण्याची कारणे एकाहून अनेक. पाणी फार तापले म्हणजे प्रवाळाच्या कातडीत वस्ती करून त्यास अन्न पुरविणारे सूक्ष्म शैवाल निघून जाते. मग नितळ कातडीतून खालचा चुना दिसू लागतो. पण जीव अद्याप जिवंत असतो, व पाणी वेळीच निवले तर सावरतोही. पोपटमासा चावा घेतो तेव्हा चुनाही खरवडला जातो आणि दातांचे ओरखडे राहतात. एक जातीची गोगलगाय मात्र नुसती कातडी खाते व सांगाडा जसाच्या तसा ठेवते. खऱ्या रोगातही नेमके हेच होते! म्हणून जाणता पाणबुड्या डाग पाहून लगेच पाटीवर रोगाचे नाव लिहीत नाही. तो आधी डागाच्या कडेला, फांदीच्या बुंध्याशी, गोगलगाय दडली आहे काय ते चाचपतो. उघड्या पडलेल्या चुन्यावर काही दिवसांत हिरवट शेवाळ चढते. तेव्हा जिवंत कातडी आणि ते शेवाळ यांमधील पांढरा पट्टा रुंद असेल तर रोग धावत आहे, अरुंद असेल तर रांगत आहे, असे अनुमान करितात.

१९९६ साली अमेरिकेतील फ्लोरिडाच्या दक्षिण टोकास, की वेस्ट बेटाजवळील ईस्टर्न ड्राय रॉक्स या प्रवाळभित्तीवर एक नवेच दुखणे आढळले. एल्क नावाच्या हरणाच्या शिंगांसारख्या रुंद, चपट्या फांद्यांचे जे प्रवाळ तेथे होते, त्यांवर जागोजाग वेडेवाकडे पांढरे डाग उमटले. आधी माहीत असलेला एक रोग बुंध्यापासून शेंड्याकडे पट्ट्याने सरकत असे. हा मात्र सर्वांगावर एकदम फुटे. त्यास इंग्रजीत व्हाइट पॉक्स, म्हणजे पांढऱ्या देवी, असे नाव पडले. एकेक डाग दिवसाकाठी सरासरी २.५ चौरस सेंटिमीटर वाढे, आणि उन्हाळ्यात त्याहून अधिक. त्या बेटांच्या परिसरात या जातीचे शेकडा ७०हून अधिक जिवंत आच्छादन नाहीसे झाले.

नाव मिळाले म्हणजे निदान झाले असे नव्हे. २००२ साली जेम्स पोर्टर, कॅथरिन पॅटरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या डागांतून सेराशिया मार्सेसेन्स नावाचा जंतू काढून दाखविला. हा जंतू माणसाच्या आतड्यात सापडतो आणि इस्पितळांतून दुर्बळ रोग्यांस उपद्रव देतो. संशय साहजिकच बेटावरच्या सांडपाण्याकडे गेला. पण तोच जंतू माती, किडे, पक्षी यांतही राहतो. केवळ सापडला एवढ्यावरून माणसास आरोपी कसे करावे? म्हणून तेथील हरणांचे व समुद्रपक्ष्यांचे नमुनेही तपासले. प्रवाळावरील जंतूच्या वाणाशी जुळला तो मैल्यातला वाणच. तरीही तपास थांबला नाही. क्षयाचा जंतू शोधणारे रॉबर्ट कॉख यांच्या नावाने प्रसिद्ध असलेली कसोटी अशी आहे: रोग्यातून जंतू वेगळा करावा, निरोग्यास द्यावा, तोच रोग व्हावा, आणि त्या नव्या रोग्यातून तोच जंतू पुन्हा हाती यावा. २०११ साली बंद टाक्यांतील प्रवाळांवर हा प्रयोग झाला आणि मैल्यातील वाणाने अवघ्या ४ दिवसांत डाग उमटविले. संशयाचा पुरावा होण्यास पंधरा वर्षे लागली.

या जंतूची आमच्याशी, म्हणजे ख्रिस्तसभेशी, एक जुनी ओळख आहे. १८१९ साली इटलीत पादुआजवळ मक्याच्या लापशीवर रक्तासारखे डाग उठले व खेडूत भयभीत झाले. बार्तोलोमेओ बिझिओ यांनी ते एका सूक्ष्म जीवाचे काम असल्याचे दाखवून त्यास हे नाव दिले. लाल रंग लवकर विटतो म्हणून ‘कोमेजणारा’ अशा अर्थाचे लॅटिन विशेषण जोडले. पुढे काही विद्वानांनी १२६३ सालच्या बोल्सेना येथील चमत्कारातील रक्तही याच जंतूचे, असा तर्क केला. तर्क करण्यास आमची हरकत नाही. परंतु लाल दिसले म्हणून तोच जंतू, हे बोलणे पांढरे दिसले म्हणून तोच रोग, या मासल्याचेच आहे. प्रवाळास लाविलेली कसोटी येथे शिथिल का व्हावी?

इकडे फ्लोरिडातील गोष्ट अजून पुरी झालेली नाही. त्या बेटांवरील जुने शोषखड्डे बुजवून सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रे उभारण्यात आली. २०१६ साली त्याच शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले की, पांढऱ्या देवी अजून दिसतात, परंतु नंतरच्या डागांत तो जंतू सापडत नाही. लक्षण तेच, कारण निराळे! आपलेच गाजलेले निदान सर्व डागांस लागू नाही, असे छापून सांगणाऱ्या या मंडळींविषयी आम्हांस विशेष आदर वाटतो.

आपल्या किनाऱ्यालाही या विद्येचा स्पर्श झालेला आहे. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी लक्षद्वीपमधील कवरत्ती येथे प्रवाळाच्या मेलेल्या भागाभोवती गुलाबी रेषा पाहिली आणि २००२ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे त्यांनी तिचा संबंध मेलेल्या भागावर वाढणाऱ्या एका नीलहरित शैवालाशी जोडून दाखविला. तेथे पांढऱ्या रंगाऐवजी गुलाबी रंग बोलका ठरला.

फ्लोरिडात २०१४पासून आणखी एक रोग पसरला. तो २०हून अधिक जातींच्या दगडी प्रवाळांची कातडी गाळून टाकतो, आणि त्याचा जंतू अद्याप निश्चित झालेला नाही. पाणबुडे बुडी मारून एकेका डागाच्या कडेस अमॉक्सिसिलिनचा लेप हाताने भरतात, आणि पुष्कळदा डाग तेथेच थांबतो. एल्कशिंगी प्रवाळांस मात्र लेपाचा काही उपयोग नव्हता. २०२३च्या उन्हाळ्यात समुद्र असा तापला की त्या बेटांभोवती उरलेल्यांपैकी बहुतेक पांढरे पडून मेले. त्या पांढरेपणाचे निदान करण्यास कोणास भिंग लागले नाही.